हौद्यातला आवाज

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो, मग टायर दाबून बघतो, मग वाकून खाली तेल गळतंय का ते बघतो. मच्छिंद्रनं हे सगळं केलं. शेवटी तो मागं हौद्यात चढला. चढताना त्यानं डाव्या बाजूच्या लोखंडी कडीला धरलं आणि धरलेला हात तसाच ठेवून तो उभा राहिला. मी खाली होतो. मला वाटलं, कमरेत चमक भरली.

"काय झालं रे?"

"काही न्हाई," तो म्हणाला. पण कडी सोडली नाही.

ही कडी बाकीच्या कड्यांसारखी नव्हती. कशाचा तरी मार लागून ती आतल्या बाजूला वाकली होती, आणि वाकलेल्या जागी लोखंड गुळगुळीत झालं होतं. मच्छिंद्रचा अंगठा त्या गुळगुळीत जागेवरून फिरत होता. आंधळा माणूस ओळखीच्या माणसाचा चेहरा चाचपतो, तसा.

जालन्यात नवलकिशोर शेठचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. दुकानामागच्या मोकळ्या जागेत ही पिकअप उभी होती. त्याच्या वडिलांनी, रतनलाल शेठनी, ती घेतली होती. म्हातारे वारले, आणि आता दुकानाला मोठी गाडी आली होती. पिकअपला नुकताच निळा रंग दिला होता. रंगाचा वास अजून जात नव्हता.

"मच्छिंद्रभाऊ, मीटर बघू नका," शेठ म्हणाला. "मीटर पूरा फिरून परत शून्यावर आला, अन तिथून बी पुढं गेला. मी खोटं बोलत न्हाई. दुसरे लोक मीटरची वायरच काढून ठेवतात."

"आधी रंग कोणता व्हता हिला?" मच्छिंद्रनं विचारलं.

"पांढरट. सायीसारखा. का?"

मच्छिंद्रनं कडी सोडली आणि खाली उतरला. "कळवतो," एवढंच म्हणाला. ज्या गाडीसाठी तो वर्षभर झुरत होता, तिच्याकडं त्यानं जाताना वळून बघितलं नाही.

मच्छिंद्र माझ्या गावचा, माझ्या बरोबरीचा. आमचं गाव घनसावंगीच्या अलीकडं, कालव्याच्या अंगाला. त्यांच्या घरची मोसंबीची बाग त्याच्या थोरल्या भावानं, बद्रीनाथनं, लावलेली. बद्रीनाथ गेल्यावर बाग मच्छिंद्रनं आणि उषावैनींनी सांभाळली. वैनी म्हणजे बद्रीनाथची बायको. बागेतून वेळ काढून मच्छिंद्र दुसऱ्याची जीप चालवायचा, घनसावंगी ते अंबड. माणसं आत कोंबलेली, मागं लटकलेली, टपावर बसलेली. अशा जीपमध्ये मागच्याला उतरायचं झालं की तो पत्रा वाजवतो. ड्रायव्हर ऐकून न ऐकल्यासारखं करतो, थांबा सोडून पुढं नेतो, मग शिव्या खातो. मच्छिंद्र मात्र पहिल्या टकटकीला थांबायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याला हसायचे. "हा आरसा बघून गाडी चालवत न्हाई, पत्रा ऐकून चालवतो," असं म्हणायचे.

मोसंबी मार्केटला न्यायला मात्र दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघावी लागे. टेम्पोवाला येतो म्हणून सांगायचा आणि यायचा नाही. तोडलेला माल बांधावर पडून राहायचा. म्हणून स्वतःची गाडी. घरात सगळ्यांचं एकमत होतं. मच्छिंद्रची बायको शिवकन्या तर गाडीला बांधायला लिंबू-मिरच्या आत्तापासून बघत होती.

आणि आता गाडी सापडली तर हा माणूस बोलेना.

परत येताना अंबडला बस बदलायची होती. स्टँडवर चहा घेतला. त्याच्या कपातला चहा तसाच निवला.

"इंजिन खराब हे का?" मी विचारलं.

"इंजिन एकदम झकास हे."

"मंग?"

"त्या गाडीत मी बसलेलो हे," तो म्हणाला. "दादाजवळ."

मला कळायला थोडा वेळ लागला. नव्या निळ्या रंगाखाली रतनलाल शेठची तीच जुनी गाडी असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

बद्रीनाथला गेलेलं तेव्हा दहा वर्षं होत आली होती. पावसाळा सरताना घरात खाली झोपलेला असताना त्याला मण्यार चावली. गावातून अंबडला, अंबडहून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात. तिथं तो गेला. रतनलाल शेठची पिकअप त्या दिवशी माल टाकायला त्याच शहरात गेली होती. बद्रीनाथचा कापूस शेठकडं जायचा, त्या ओळखीवर फोन झाला आणि शेठनी रिकामी गाडी दवाखान्यावर पाठवली. पुढं केबिनमध्ये ड्रायव्हर आणि दोन पाहुणे बसले. मागं हौद्यात फळीला बांधलेला बद्रीनाथ, आणि त्याच्याशेजारी एकटा मच्छिंद्र. एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. ते त्यानं त्या दिवशी अंबडच्या स्टँडवर मला सांगितलं.

"एक हात त्या कडीत, एक हात दादाच्या छातीवर. गाडी उसळली की तो हलू नये म्हणून. अंबड सोडलं. तो अरुंद पूल लागतो का न्हाई, ओढ्यावरचा, तिथं आलो. अन पायाकडून आवाज आला. पत्र्यावर. टक, टक. मंग थांबून टक. बोटाच्या पेरानं वाजवावं तसा."

"गाडीचा असंल," मी म्हणालो. "रिकामी गाडी हजार आवाज करती."

"मी बी तेच म्हणलो मनाशी. पण मी हाक मारली. दादा, म्हणलो." तो थांबला. "हाक मारली अन आवाज थांबला."

बाजूला एक बस लागली. कंडक्टर जाफराबाद, जाफराबाद म्हणून ओरडत होता. मच्छिंद्रला ते ऐकू येत नव्हतं.

"पुढल्या पाहुण्यांनी बजावलं व्हतं, घरी जाईस्तोवर तोंडावरचं कापड काढू नको. मी काढलं न्हाई. केबिनवर हात मारून गाडी थांबवायची, तेबी केलं न्हाई. घरी आलो. बायांनी ओरडायला सुरुवात केली. माणसं म्हणली, जल्दी करा, आभाळ भरून राह्यलं. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं."

"अरे, डॉक्टरनं बघितलं व्हतं न."

"व्हय, बघितलं व्हतं. माझ्या मनात बी काही नव्हतं तवा. पण दहाव्याला आपण गोदेवर गेल्तो. रामरावमामा माझ्याजवळ बसले. म्हणले, मण्यार लई वाईट. माणूस जिता असतो अन मेल्यावाणी पडतो. पापणी हालत न्हाई, पण कानाला सगळं ऐकू येतं. त्यांनी आपलं सहज सांगितलं, इकडचं तिकडचं बोलता बोलता. मंग तंबाखू मळली अन उठून गेले."

रामरावमामा आमच्या गावचे वयस्कर. मनानं वाईट नव्हते. आपण काय पेरून उठलो, हे त्यांना मरेपर्यंत कळलं नसेल.

मला तेव्हा त्याच्या जीपचं कोडं उलगडलं. पत्रा वाजतो म्हणजे मागचा माणूस म्हणतोय, थांब, मला उतरायचंय. मच्छिंद्र एकदा थांबला नव्हता, आणि त्यानंतर कधीच थांबायचं चुकला नव्हता.

"मंग ही गाडी नको घेऊ," मी म्हणालो. "दुसरी बघू. जालन्यात गाड्यांना काय तोटा हे?"

"तुला कळंना. हीच गाडी सांगू शकती. रिकामी चालली तर ती तसा आवाज करती का न्हाई, तेवढंच बघायचं. करत असंल तर तो गाडीचा आवाज व्हता. मंग मी घेतो. डोळे झाकून घेतो."

"अन न्हाई केला तर?"

त्यानं निवलेला चहा जमिनीवर ओतला आणि बसकडं चालू लागला.

चार-दोन दिवसांनी आम्ही पुन्हा जालन्याला गेलो. शेठनं किल्ली दिली आणि दुकानाचा ड्रायव्हर बरोबर दिला. जुना ड्रायव्हर म्हातारा होऊन केव्हाच राजस्थानला गेला होता, त्यामुळं त्याला विचारायची सोय नव्हती. मच्छिंद्र मागं बसला, मी त्याच्याजवळ. गाडी जालन्याबाहेर निघाली. मला पहिल्या खड्ड्यातच कळलं. हौद्यातून आवाजच येत नव्हता. पत्रा गप्प, मागचा फाळका गप्प, साखळ्या गप्प. मच्छिंद्र कान टवकारून बसला होता. त्यानं केबिनवर थाप मारली. गाडी वळवायला लावली.

शेठ हसत पुढं आला. "बघितलं का? सुईचा आवाज न्हाई. विकायची म्हणून सगळं टाइट करून घेतलं. तळाचा पत्रा वेल्डिंग केला, फाळक्याचे बिजागर बदलले, खाली रबर टाकलं. नवरीवाणी सजवली."

मच्छिंद्र त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याला हुरूप आला. "शेठ, ते ढिलं करा."

"काय?"

"नट-बोल्ट ढिले करा. रबर काढा. बिजागर जुने असतील तर तेच बसवा. आधी व्हती तशी करून दाखवा."

शेठनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. पलीकडं गाडीखाली झोपलेला मिस्त्री सरकत बाहेर आला. "भाई," तो म्हणाला, "इतने साल से लोगां टाइट कराने कू आते. ढिल्ला कराने कू तुम पयले आए."

"खर्चा मी देतो," मच्छिंद्र म्हणाला.

"खर्च्याची बात न्हाई, भाऊ," शेठ म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणून बोलून राह्यलो. उद्या तुम्हीच म्हणाल, खटारा गळ्यात मारला."

"न्हाई म्हणणार."

मिस्त्रीनं पाना घेतला. जुने बिजागर भंगारात सापडले. एक वाकडा होता, तोही बसवला. काम चाललं असताना मच्छिंद्र जवळ उभा राहून सांगत होता, अजून, अजून थोडं. डॉक्टरला दुखण्याची जागा दाखवावी, तसं.

अंबड सोडल्यावर त्यानं गाडी थांबवायला लावली आणि मला म्हणाला, "आडवा व्हय."

"कोण, मी?"

"वजन पाहिजे. माणसाएवढं. डोकं केबिनीकडं कर."

मी मित्र म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याच्याबरोबर गेलो आहे. मेलेल्या माणसाच्या जागेवर झोपायला मी नाही म्हणू शकलो असतो. पण त्याचा चेहरा बघितला आणि झोपलो. पाठीला पत्रा तापलेला लागला. वर नुसतं पांढरं आभाळ आणि कडेनं पळणारे बाभळीचे शेंडे. मच्छिंद्रनं एक हात कडीत घातला आणि दुसरा माझ्या छातीवर ठेवला. मला त्या वेळी असं वाटलं, की मी तोंड उघडलं तर माझा आवाज निघणार नाही. खोटं कशाला सांगू, मी एकदा बोटं हलवून बघितली.

आता सगळी गाडी वाजत होती. पत्रा खडखडत होता, साखळी झणझणत होती, फाळका आपटत होता. आणि ओढ्याचा पूल आला. गाडी मंदावली, एकेक आवाज गळत गेला, आणि पायाकडून आला. टक, टक. मग थांबून टक.

मच्छिंद्रचा हात माझ्या छातीवर दाबला गेला. "तू वाजवलं का?"

"न्हाई."

"पाय लागला असंल तुझा."

"पाय लांब हेत माझे फाळक्यापासून. बघ की."

त्यानं बघितलं. मग तो फाळक्याकडं तोंड करून, कुणाला तरी उठवावं तशा आवाजात म्हणाला, "दादा."

आवाज थांबला नाही. पूल संपेपर्यंत टकटक चालू होती.

आम्ही उतरलो. तो फाळक्याचा वाकडा बिजागर होता. हात लावून हलवला तर तस्साच वाजत होता. मी म्हणालो, "सापडला न चोर? आता तरी सोड." मच्छिंद्र बिजागर हलवत राहिला. वाजवायचा, थांबायचा, पुन्हा वाजवायचा.

"आवाज तोच हे," तो म्हणाला. "पण तवा तो हाक मारल्यावर थांबला व्हता. हा थांबला न्हाई."

गाडी शेठच्या ड्रायव्हरनं परत नेली. आम्ही बसनं गावाकडं गेलो.

मच्छिंद्र घरी आला तो ओट्यावर बसला. शिवकन्या पाणी घेऊन आली. "काय ठरलं?" तिनं विचारलं. "का गाडीनंच तुम्हाला नापसंत केलं?"

तो हसला नाही. उषावैनी अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. त्या कमी बोलणाऱ्या बाई. कुणाची नस कुठं दुखते, हे त्यांना लांबून कळायचं.

"भाऊजी, कोणाची गाडी हे ती?" त्यांनी विचारलं.

त्यानं नाव सांगितलं. वैनींचा हात शेंगांतच थांबला. रतनलाल शेठची गाडी कधी आणि काय घेऊन दारात आली होती, हे त्या घरात त्यांच्याएवढं कुणाच्या लक्षात असणार?

मग मच्छिंद्रनं सगळं सांगितलं. पुलावरचा आवाज, मारलेली हाक, न काढलेलं कापड, रामरावमामाचं बोलणं. सांगताना तो वैनींकडं बघत नव्हता. शिवकन्या तोंडावर पदर धरून उभी राहिली. मला उठून जावंसं वाटत होतं, पण उठण्याचासुद्धा आवाज झाला असता.

वैनींनी मांडीवरच्या शेंगा सुपात सारल्या.

"गाडी दारात आली तवा बायांनी मला त्यांच्याजवळ नेलं," त्या म्हणाल्या. "बांगड्या फोडायला. माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. मला वाटलं, एकदा त्यांचं बोट धरावं. धरता आलं न्हाई. मूठ वळलेली व्हती, लाकडावाणी. मी जोर केला, तरी उघडली न्हाई. तवाच मी समजले, की हे लई आधीच गेले. पूल काय, अंबड काय, तिथवर ते नव्हतेच."

मच्छिंद्रनं मान वर केली. "वैनी, दहा वर्षं तुम्ही हे बोलल्या न्हाई."

"कुणी विचारलं मला?" त्या म्हणाल्या. "माणसं तिकडं बसली, मी इकडं कोपऱ्यात. तुम्हाला असलं काही लागून राह्यलंय, हे मला काय ठाऊक?"

तो रडला. मोठा आवाज न करता, खांबाला टेकून. शिवकन्या पुढं होऊ लागली तर वैनींनी हातानंच तिला थांबवलं. नंतर त्या उठल्या, सूप उचललं आणि घरात जाता जाता म्हणाल्या, "गाडी घ्या. ते शेवटचं जिच्यातून घरी आले, ती दुसऱ्याच्या दारात कशाला?"

मच्छिंद्रनं गाडी घेतली. शेठनं विचारलं, पुन्हा टाइट करून देऊ का? मच्छिंद्र म्हणाला, करा, एकदम टाइट करा. नवे बिजागर बसले, रबर बसलं. शिवकन्यानं लिंबू-मिरच्या बांधल्या. उषावैनींनी चाकांवर पाणी घातलं आणि हौद्यात हळद-कुंकू टाकलं. दुसऱ्या कुणाला टाकू दिलं नाही.

पहिला माल घेऊन आम्ही जालन्याला निघालो, तेव्हा मोसंबीच्या गोण्यांवर मी होतो, तोडणीच्या दोघी बाया होत्या, आणि वैनी होत्या. मोंढ्यात जाऊन भाव बघायची त्यांना हौस होती. गोण्यांच्या वजनानं गाडी जड, शांत चालली होती. बाया आपसात बोलत होत्या. कुणाच्या तरी सुनेनं कुणाला तरी काय उत्तर दिलं, ते चाललं होतं.

ओढ्याचा पूल आला. गाडी हळू झाली, आणि पुलाच्या अलीकडंच थांबली. मच्छिंद्र दार उघडून खाली उतरला आणि मागं आला.

"पत्रा कुणी वाजवला?" त्यानं विचारलं.

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. त्यातली एक, कांताबाई, म्हणाली, "कोणी न्हाई वाजवला, भाऊ. आम्ही तर बोलून राह्यलो. तुम्हाला भास झाला, चला, ऊन चढलं."

तो हलला नाही. त्याची नजर फाळक्यावरून फिरली, रबरावरून, नव्या बिजागरावरून. जिथं आता आवाज करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तिथून.

"मी वाजवला," उषावैनी म्हणाल्या. "पाय अवघडला माझा."

त्या माझ्या अगदी शेजारी बसल्या होत्या. निघाल्यापासून त्यांचे दोन्ही हात मांडीवर, पदराखाली होते.

मच्छिंद्रनं फाळका उघडला आणि त्यांना हात दिला. वैनी खाली उतरल्या. पुलाच्या कठड्याजवळ जाऊन, ओढ्याच्या कोरड्या वाळूकडं बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. मच्छिंद्र त्यांच्याजवळ उभा होता. मग वैनी लंगडल्यासारखी दोन पावलं टाकत परत आल्या, वर चढल्या आणि म्हणाल्या, "चला, भाऊजी."